अँटीबॉडी ‘पॉझिटिव्ह’ आल्या, मग पुन्हा लस कशाला?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ३१ वर्षांची आहे, दुसऱ्यांदा दिवस गेलेत, २६ वा आठवडा चालू आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीला टीडॅपचं (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्यावरच्या लशीचं) इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. पाच वर्षांपूर्वी मोठ्या मुलीच्या वेळी मी ते घेतलं होतं, लहानपणच्या लसीही सगळ्या झाल्या आहेत. यांच्या ओळखीच्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं तर डांग्या खोकल्याच्या अँटीबॉडी ‘पॉझिटिव्ह’ आल्या. मग गरोदरपणात पुन्हा टोचून घ्यायची गरज आहे का? दुसरं म्हणजे, सासूबाईंना महिनाभर खोकला आहे, रात्री ढास लागली की थांबत नाही. त्यांचं म्हणणं, लहानपणी डांग्या खोकला होऊन गेलाय, तो आयुष्यात एकदाच होतो. बाळाची अंघोळ-मालिश त्याच करणार आहेत. त्यांना वाईट न वाटू देता काय सांगू? आणि बाळाला सरकारी लस द्यावी की खासगीत मिळते ती न दुखणारी?

— एक वाचक, कराड

उत्तर

ताई, इंजेक्शन घ्या. २७ वा आठवडा लागला की घ्या आणि ३६ व्या आठवड्यापलीकडे जाऊ देऊ नका. पाच वर्षांपूर्वी घेतलेलं असलं तरी घ्या, रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असलं तरी घ्या. हे इंजेक्शन तुमच्या दंडात द्यायचं असलं तरी ते बाळासाठी आहे, आणि बाळाचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा आहे.

आधी त्या रिपोर्टविषयी. घटसर्प आणि धनुर्वात यांच्या बाबतीत रक्तातल्या अँटीबॉडीची एक पातळी ठरलेली आहे. तिच्या वर असाल तर संरक्षण आहे असं डॉक्टर बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकतात. डांग्या खोकल्यासाठी अशी सर्वमान्य पातळी जगात कुठेच ठरलेली नाही. लॅबच्या कागदावरचं ‘पॉझिटिव्ह’ इतकंच सांगतं, की कधीतरी लशीमुळे किंवा जंतूमुळे तुमच्या शरीराची या रोगाशी ओळख झाली आहे. ही तपासणी मुळात दुसऱ्याच कामाची आहे: एखाद्या मोठ्या माणसाला कित्येक आठवडे खोकला असेल, तर तो डांग्या खोकल्याचा होता का हे मागाहून शोधायला ती वापरतात. आपण सुरक्षित आहोत का हे पाहायला तिच्यावर पैसे घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

पातळी का ठरत नाही, हे समजायला या जंतूचं वागणं बघावं लागतं. १९०६ साली ब्रुसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू यांनी तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याच्या ‘बॉर्डेटेला पर्टुसिस’ या नावात बोर्दे आजही आहेत. हा जंतू रक्तात शिरत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून कफ वर ढकलतात. जंतू नेमका तिथे चिकटून बसतो. चिकटायला त्याच्याकडे निरनिराळी प्रथिनं आहेत, तंतूंच्या पेशी मारायला एक विष आहे, आणि सगळ्यांत घातक असं पर्टुसिस टॉक्सिन नावाचं विष आहे, जे तिथे तयार होऊन सगळ्या शरीरात पसरतं. यातल्या प्रत्येकाविरुद्ध शरीर वेगळ्या अँटीबॉडी बनवतं. शिवाय काही काम अँटीबॉडीचं नसून पांढऱ्या पेशींचं असतं, आणि ते या तपासणीत दिसतच नाही. एवढी गुंतागुंत एका आकड्यात मावणार कशी?

मोठ्या माणसाला हा रोग झाला तर दोन-तीन महिने खोकून खोकून बरगड्या दुखतात, झोप उडते, कधी उलटी होते. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. टॉक्सिनमुळे बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भयंकर वाढतात, कधी कधी घनमिलिमीटरमागे लाखाच्या घरात जातात. त्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये दाटतात आणि हृदयाला रक्त पुढे ढकलणं कठीण होतं. बाळ त्या अवस्थेला पोचलं की व्हेंटिलेटर लावूनही ते हाती लागेलच असं नाही. म्हणून आम्ही बालरोगतज्ज्ञ या बाबतीत हट्टी असतो. रोग झाल्यावर आमच्या हातात फार थोडं असतं. जे काही करायचं ते आधी करावं लागतं.

बाळाची स्वतःची पहिली लस सहाव्या आठवड्याला असते, आणि एका डोसनं पुरेसं संरक्षण तयार होत नाही. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस पडेपर्यंत बाळ जवळपास उघडंच असतं. या रोगानं दगावणारी बहुतेक मुलं याच वयातली असतात. या काळात त्याच्याजवळ असतं ते फक्त आईनं पोटात असताना दिलेलं.

ते देण्याची सोय निसर्गानं फार विचारपूर्वक केली आहे. आयजीजी नावाच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे नुसत्या झिरपत नाहीत. वार त्यांना धरून पलीकडे पोचवते. पाचव्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईच्या पातळीच्या जेमतेम ५ ते १० टक्के आयजीजी असतात. ३० व्या आठवड्याच्या सुमारास हे प्रमाण वाढून आईच्या निम्म्यापर्यंत पोचतं. दिवस पूर्ण भरले की बाळाच्या रक्तात त्या आईपेक्षाही थोड्या जास्तच असतात. म्हणजे खरी देवघेव शेवटच्या तीन महिन्यांत होते. लस घेतल्यावर तुमच्या शरीराला भरपूर अँटीबॉडी तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्या पलीकडे पोचायला आणखी वेळ हवा. म्हणून २७ ते ३६ आठवडे. त्यातही मी लवकरच्या बाजूला झुकते, कारण कुणाचं बाळंतपण आठव्या महिन्यातच होईल हे आधी सांगता येत नाही.

आता ‘पाच वर्षांपूर्वी घेतली होती’ याबद्दल. टीडॅपनं वाढलेल्या अँटीबॉडी वर्षभरातच बऱ्याच उतरतात. तुमच्या शरीराला आठवण राहते, जंतू पुन्हा आला तर ते काही दिवसांत नव्यानं अँटीबॉडी बनवू शकतं. पण आठवण वारेतून जात नाही. बाळाला मिळते ती त्या वेळी तुमच्या रक्तात प्रत्यक्ष असलेली शिदोरी, आणि तीही संपत जाणारी. जन्मानंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी ती निम्म्यावर येते, पुढच्या तितक्याच काळात त्याच्याही निम्म्यावर. सुरुवात भरपूर असेल तरच ती बाळाच्या स्वतःच्या लसी पूर्ण होईपर्यंत पुरते. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात नवा डोस.

हे सगळं कागदावरचं शास्त्र नाही, त्याची मोठी परीक्षा झालेली आहे. २०१२ साली इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये १४ तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्यांनी प्रत्येक गरोदर बाईला ही लस द्यायला सुरुवात केली. नंतर मोजून पाहिलं तर पहिल्या तीन महिन्यांतल्या बाळांमध्ये हा आजार टाळण्यात तिचा परिणाम ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. पुढे लस घेणाऱ्या बायांचं प्रमाण घसरत ६० टक्क्यांच्या जवळ आलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा साथ आली: १४ हजारांहून जास्त रुग्ण, ११ बाळांचे मृत्यू. ज्या देशात दवाखाने हाताशी आहेत, लस फुकट आहे, तिथलं हे चित्र आहे.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी जे ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ मिळतं ते टीडी. त्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. पुष्कळ बाया ‘माझी दोन्ही इंजेक्शनं झाली’ म्हणतात तेव्हा त्या टीडीविषयी बोलत असतात. टीडॅप सध्या खासगीतच विकत घ्यावी लागते, आणि हा खर्च प्रत्येकीला झेपत नाही हे मला ठाऊक आहे. ती सरकारी कार्यक्रमात यावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्यापुरतं सांगायचं, तर टीडीचा पहिला डोस झाला असेल तर दुसऱ्याच्या जागी टीडॅप चालते, तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प असतातच. कार्ड डॉक्टरीणबाईंना दाखवा, त्या जुळवून देतील.

ही जिवंत जंतूंची लस नाही, तिच्यातून रोग होऊ शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल. लागली तर पॅरासिटामॉल चालते. आधीच्या एखाद्या डोसनंतर तुम्हाला अंगावर गांधी उठून धाप लागली असेल, तोंड सुजलं असेल, तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा. एक गोष्ट लपवून ठेवणार नाही: आईकडून आलेल्या अँटीबॉडी भरपूर असल्या की बाळाच्या स्वतःच्या पहिल्या डोसना मिळणारा प्रतिसाद रक्ततपासणीत थोडा कमी दिसतो. तरीही ही लस द्यायची, कारण जीव जाण्याचा धोका पहिल्या दोन-तीन महिन्यांत आहे आणि तो काळ तिनंच सांभाळला जातो. यातून तुम्ही घ्यायचा बोध एवढाच, की बाळाचा सहाव्या आठवड्याचा डोस लांबवायचा नाही आणि दीड वर्षाचा बूस्टर चुकवायचा नाही.

अंगावरच्या दुधाचंही पुष्कळजणी विचारतात. पहिला चीक जरूर पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. दुधातल्या अँटीबॉडी बाळाच्या घशात-आतड्यात काम करतात, पण रक्तात जवळजवळ पोचत नाहीत. टॉक्सिनला रक्तात गाठायला वारेतून आलेल्याच लागतात. दूध वारेची जागा घेऊ शकत नाही.

आता सासूबाई. महिनाभराचा खोकला म्हटलं की मी डांग्या खोकल्याच्याही आधी क्षयाचा विचार करते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या कुणाचीही थुंकी तपासायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासणी मोफत होते. घरात गरोदर बाई, पाच वर्षांची मुलगी आणि पुढे तान्हं बाळ असताना याला एक दिवसही उशीर नको. त्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतात का तेही बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते आणि गोळी बदलली की जाते, पण ती डॉक्टरांनीच बदलायची. दमा, पित्त हीही कारणं असतात. हे सगळं निघालं नाही तर डांग्या खोकला. पहिल्या तीनेक आठवड्यांत नाकाच्या मागून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी उपयोगी पडते. त्यानंतर रक्तातल्या त्याच अँटीबॉडी, ज्या तुम्ही विनाकारण तपासल्या, सासूबाईंच्या बाबतीत मात्र खरंच कामाच्या ठरतील. निदान झालं तर अॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक देतात, आणि तुम्हालाही प्रतिबंधक म्हणून ते द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. एवढ्या उशिरा औषधानं खोकला फारसा कमी होत नाही, ते मुख्यतः दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून असतं.

‘आयुष्यात एकदाच होतो’ ही समजूत त्यांच्या पिढीत घट्ट आहे, आणि तिला कारणही आहे: तेव्हा जंतू सगळीकडे फिरत असे, अधूनमधून त्याचा संपर्क होई आणि प्रतिकारशक्ती नकळत ताजी राही. प्रत्यक्षात रोग होऊन गेल्यावरचं संरक्षणही काही वर्षांनी ओसरतं. वेगवेगळ्या अभ्यासांत ते ४ ते २० वर्षं असं मोजलं गेलं आहे. साठीच्या बाईला लहानपणच्या आजारावर विसंबता येत नाही.

त्यांच्याशी बोलणं तुम्ही अंगावर घेऊ नका. हे काम त्यांच्या मुलाचं आहे. ‘आई, तुझा खोकला महिनाभर जात नाही, उद्या आपण दवाखान्यात जाऊ’ असं त्यानं म्हटलं, तर त्यात त्यांच्या तब्येतीची काळजी आहे आणि ती खरीच आहे. ‘बाळाला तुझ्यापासून दूर ठेवू’ असा सूर त्यात येता कामा नये. ज्या बाईनं नातवंडाला पायावर घेऊन अंघोळ घालायची मनात ठरवलंय, तिला तो हक्क नाकारला जातोय असं वाटलं तर ती दुखावणारच. उलट त्यांना सांगा, की हे काम तुमच्याच हातून व्हायचं आहे म्हणून ही तयारी. त्या बऱ्या झाल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, की त्यांनी आणि तुमच्या नवऱ्यानंही टीडॅपचा एक डोस बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावा. काढा, आलं-मध त्यांनी स्वतः खुशाल घ्यावं. बाळाला मात्र वर्षाचं होईपर्यंत मध चाटवायचा नाही, घुटीतूनही नाही. लहान बाळाच्या आतड्यात मधातल्या एका जंतूमुळे जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

घरच्यांनी लस घेतली म्हणजे बाळाभोवती भिंत उभी राहिली असं समजू नका. याचं कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

लशी दोन जातींच्या आहेत. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीत, डांग्या खोकल्याचा संपूर्ण, मारलेला जंतू असतो. तिची सुरुवात १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावी झाली. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी दिवसभर सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करत आणि काम संपल्यावर आजारी मुलांच्या घरोघर जाऊन त्यांच्यापुढे काचेची बशी धरत. मूल तिच्यावर खोकलं की तिच्यात जंतू वाढवत. आर्थिक मंदीचे दिवस होते, घरांत वीज नसे, पैसा नसे. त्यातून त्यांनी परिणामकारक लस उभी केली आणि मुलांवर काटेकोर चाचणी घेऊन ती सिद्ध केली. आज आपल्याकडच्या बाळांना मिळणारी लस त्याच तत्त्वावर बनते, आणि ती बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, सीरम इन्स्टिट्यूट, पुण्यात आहे.

ही लस दुखते. मांडी सुजते, ताप येतो, बाळ दिवसभर किरकिरतं. १९७५ मध्ये जपानमध्ये लशीनंतर दोन बाळं दगावल्यावर लसीकरण थांबवलं गेलं. नंतर ते सुरू झालं तरी आईबापांचा विश्वास उडालेला होता. १९७९ मध्ये तिथे सुमारे १३ हजार मुलांना डांग्या खोकला झाला आणि ४१ दगावली. त्यानंतर युजी सातो यांच्या कामातून, जंतूचे फक्त निवडक शुद्ध भाग असलेली लस १९८१ पासून जपाननं वापरायला घेतली. तुम्ही म्हणता ती ‘न दुखणारी’ लस हीच, आणि टीडॅपमध्येही हेच भाग कमी मात्रेत असतात.

ती सौम्य आहे हे खरं. पण तिचं संरक्षण लवकर उतरतं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात ९ हजारांवर रुग्ण झाले, १० बाळं गेली, आणि लागण झालेल्यांत लहानपणी याच जातीचे सगळे डोस घेतलेली शाळकरी मुलं मोठ्या संख्येनं होती. पुढे अमेरिकेत बबून माकडांवर झालेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: निवडक भागांची लस दिलेली माकडं खोकली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू आठवडेच्या आठवडे राहिला आणि त्यांनी तो सोबत ठेवलेल्या माकडांना दिला. संपूर्ण जंतूची लस दिलेल्यांच्या घशातून तो लवकर गेला. रक्तातल्या अँटीबॉडी टॉक्सिन अडवतात, आजार टाळतात. घशात चिकटलेल्या जंतूला हाकलायला लागणाऱ्या पांढऱ्या पेशी संपूर्ण जंतूच्या लशीनं चांगल्या घडतात. म्हणूनच लस घेतलेली आजीसुद्धा न खोकता जंतू बाळगू शकते, आणि म्हणूनच तुमच्या टीडॅपची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही.

दोन्ही लशी मान्यताप्राप्त आहेत, बाळाला कुठलीच न देण्यापेक्षा कुठलीही दिलेली बरी. मला विचाराल, तर पहिले तीन डोस सरकारी पेंटाचे द्या. एका दिवसाचा ताप सोसता येतो: वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, मांडीवर गार पाण्याची घडी ठेवा, वारंवार पाजा. तीन तासांपेक्षा जास्त सलग रडणं, झटका येणं किंवा बाळ एकदम लुळं-निस्तेज पडणं असं झालं, तर लगेच डॉक्टरांकडे, आणि पुढचा डोस कुठला द्यायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

बाळ आल्यावर बारशाला आणि त्याआधी बाळंतिणीला भेटायला माणसं येतील. खोकणाऱ्यानं, सर्दीवाल्यानं दारातूनच आशीर्वाद द्यावा, हे घरातल्या कुणीतरी मोठ्यानं सांगायची जबाबदारी घ्यावी. बाळंतिणीनं प्रत्येकाला अडवत बसू नये. एक फार महत्त्वाचं: तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला तर खोकल्याच्या उबळीनंतर श्वास आत ओढतानाचा तो ओळखीचा ‘हूप’ आवाज बहुधा येतच नाही. कधी खोकलाही नसतो. बाळ दूध पिताना थांबतं, श्वास काही क्षण बंद पडतो, ओठ निळसर होतात, चेहरा लाल-जांभळा होतो, मग ते गळून जातं. असं एकदा जरी दिसलं तरी ‘आता बरं दिसतंय’ म्हणून घरी थांबू नका, रात्र असली तरी जिथे बालरुग्णांचा आयसीयू आहे अशा दवाखान्यात न्या आणि घरात कुणाला खोकला आहे हे तिथे आवर्जून सांगा.

पत्रात मोठ्या मुलीच्या लसींचा उल्लेख नाही. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशीचा) दुसरा बूस्टर असतो आणि शाळेच्या धावपळीत तोच सर्वांत जास्त राहून जातो. तान्ह्या बाळाला लागण बहुधा घरातल्यांकडूनच होते, आणि त्यात शाळेत जाणारी भावंडं असतात. तिचं कार्ड काढून बघा. डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारून जवळच्या लसीकरण सत्राला घेऊन जा. हा बूस्टर सातव्या वाढदिवसापर्यंतच देतात. त्यानंतर सरकारीत दहाव्या वर्षी मिळते ती टीडी, आणि तिच्यात डांग्या खोकला नसतो.